फ्लूच्या साथीचा माग कसा ठेवावा : खानदेशातून राज्याकडे पाहताना

राज्यात फ्लू वाढतो आहे की ओसरतो आहे, हे ठरवण्यासाठी रुग्णांचा एकूण आकडा फारसा उपयोगी पडत नाही. ‘जिल्ह्यात स्वाइन फ्लूचे ९ रुग्ण’ अशी बातमी आली, तर ते ९ किती जणांच्या तपासणीतून निघाले, गेल्या आठवड्यात किती निघाले होते आणि या आठवड्यात किती दवाखान्यांनी काहीच कळवले नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत त्या ९ला अर्थ येत नाही. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात बसून फ्लूचा माग ठेवू इच्छिणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि तालुक्याचे खासगी डॉक्टर आले, तसेच सांख्यिकी शिकवणारे प्राध्यापक आणि आरोग्याच्या बातम्या करणारे पत्रकारही आले. साहित्य म्हणून एक वही किंवा संगणकावरची साधी शीट पुरते. चिकाटी मात्र भरपूर लागते, कारण एकाच वर्षी अगदी नेटकेपणाने ठेवलेल्या नोंदीपेक्षा चार वर्षे सलग ठेवलेली ओबडधोबड नोंद अधिक बोलते.

कोणाला मोजायचे

फ्लू डोळ्यांनी ओळखता येत नाही. कोरोना, आरएसव्ही, ॲडिनो असे कितीतरी विषाणू तशीच सर्दी, तसाच खोकला आणि तशीच कणकण आणतात. म्हणून आधी लक्षणांची एक चाळणी ठरवावी लागते आणि ती मध्येच बदलायची नसते. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या वापरणे सर्वांत सोयीचे. थर्मामीटरने मोजलेला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, सोबत खोकला आणि दुखण्याची सुरुवात गेल्या १० दिवसांतली, असा रुग्ण ‘फ्लूसदृश आजार’ या रकान्यात जातो. याच लक्षणांसह दवाखान्यात दाखल करावे लागलेला रुग्ण ‘सारी’ (गंभीर तीव्र श्वसनसंसर्ग) या रकान्यात जातो. त्याच्या बाबतीत ताप येऊन गेल्याची माहिती असली तरी चालते. हे दोन रकाने कधीही एकत्र करू नयेत. पहिला साथ किती पसरली ते दाखवतो, दुसरा ती किती जड आहे ते दाखवतो.

खानदेशात या व्याख्येतील प्रत्येक शब्दाला काम आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यू-मलेरियाचे तापाचे रुग्ण ओपीडीत येतात. त्यांतील बहुतेकांना खोकला नसतो, त्यामुळे खोकल्याची अट त्यांना बाजूला काढते. पुढे कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगमध्ये काम करणारे मजूर खोकत येतात. त्यांना ताप नसतो, म्हणून तापाची अट त्यांना बाजूला काढते. ‘अंगाला हात लावला तर गरम लागले’ एवढ्यावर ताप लिहू नये. उन्हाळ्यात दहा किलोमीटर चालून आलेल्या कोणाचेही अंग गरमच लागते. लक्षणे विचारताना भाषेचाही विचार करावा. अहिराणी, पावरी, मावची बोलणाऱ्या रुग्णाने वापरलेला शब्द खोकल्यासाठी होता की दम्यासाठी, हे गावातल्या आशाताईंना नेमके ठाऊक असते. त्यांच्याकडून अशा शब्दांची यादी करून घ्यावी आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावर चिकटवावी.

वयाचे चार गट पुरेत: ५ वर्षांखालील, ५ ते १७, १८ ते ५९ आणि ६० व त्यापुढील. गरोदर मातांची वेगळी खूण करावी, कारण त्यांना फ्लू गंभीर होण्याचा धोका जास्त असतो.

छेद आधी, अंश नंतर

फ्लूसदृश रुग्णांची संख्या एकटी लिहू नये. त्या आठवड्यात किती केसपेपर निघाले, ती संख्या शेजारी लिहावी. समजा, एका आठवड्यात तुमच्या ठरलेल्या केंद्रांवर मिळून १,२४० केसपेपर निघाले आणि त्यांत ६२ रुग्ण व्याख्येत बसले, तर प्रमाण ५ टक्के झाले. पुढच्या आठवड्यात दिवाळी आली, केसपेपर ७०० वर उतरले आणि रुग्ण ४९ निघाले. रुग्ण १३ने घटले, प्रमाण मात्र ७ टक्क्यांवर गेले. साथ वाढली असा निष्कर्ष इथे लगेच काढू नये. सणाच्या दिवसांत किरकोळ दुखणी घरीच राहतात आणि खरोखर आजारी असलेलेच दवाखान्यात येतात, त्यामुळे प्रमाण आपोआप फुगते. अशा आठवड्यापुढे ‘दिवाळी’ एवढा शेरा लिहून ठेवावा आणि निष्कर्षासाठी पुढचे दोन आठवडे थांबावे.

आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो असा धरावा; देशातील रोग सर्वेक्षणाची पद्धत हीच आहे. रोजचे आकडे पाहण्यात अर्थ नाही, कारण आठवडे बाजाराच्या दिवशी ओपीडी दुप्पट भरते आणि दुसऱ्या दिवशी ओस पडते. बाजार कोणत्याही वारी असो, सात दिवसांच्या बेरजेत तो एकदाच येतो.

केंद्रांची निवड करताना फार हावरेपणा करू नये. तालुक्यातील प्रत्येक दवाखान्याकडून कधीतरी माहिती मिळण्यापेक्षा सात-आठ ठिकाणांहून दर आठवड्याला मिळणे कितीतरी चांगले. त्यांत सरकारी केंद्रे असावीत आणि खासगीही असावीत, कारण गावाकडे पहिला ताप बहुधा खासगी डॉक्टरकडे जातो. एकदा निवडलेली केंद्रे हंगामभर तीच ठेवावीत. मध्येच नवे केंद्र जोडले, तर त्याची रेघ स्वतंत्र काढावी, नाहीतर नुसत्या जोडणीने साथ वाढल्याचा भास होतो.

प्रयोगशाळेची बाजू

लक्षणांची चाळणी धूर दाखवते. आग कशाची आहे ते स्वॅब सांगतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार फ्लूच्या रुग्णांचे अ, ब, क असे वर्ग पडतात. सौम्य लक्षणांच्या अ वर्गातील रुग्णाची तपासणी करायची नसते. धाप लागणे, छातीत दुखणे, रक्तदाब उतरणे अशी लक्षणे असलेल्या क वर्गातील रुग्णाला दाखल करून त्याची तपासणी करायची असते. त्यामुळे नेहमीच्या कामकाजात प्रयोगशाळेकडे जाणारे नमुने बहुतांशी गंभीर रुग्णांचे असतात. त्यांवरून गावातल्या साथीचा अंदाज बांधणे म्हणजे अतिदक्षता विभागात उभे राहून गल्लीतली वर्दळ मोजणे होय. गावातली साथ मोजायची, तर ठरलेल्या केंद्रांवर ठरलेल्या दिवशी व्याख्येत बसणाऱ्या पहिल्या दोन किंवा तीन रुग्णांचे नमुने घ्यावेत. कोण जास्त आजारी दिसतो हे पाहून निवड करू नये.

दुखणे सुरू झाल्यापासून तीन-चार दिवसांच्या आत घेतलेला नाक-घशाचा स्वॅब सर्वांत विश्वासार्ह. तो व्हीटीएमच्या (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवाच्या) नळीत घालून २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, शक्यतो ७२ तासांच्या आत आरटी-पीसीआर तपासणीसाठी पोहोचला पाहिजे. धडगाव-मोलगीकडून सातपुड्याच्या घाटरस्त्याने उतरणारी बर्फाची पेटी वाटेत किती वेळ थांबते, हे एकदा घड्याळ लावून पाहावे. नमुना निगेटिव्ह येण्याचे कारण पुष्कळदा विषाणूचा अभाव नसतो, वितळलेला बर्फ असतो.

पॉझिटिव्ह नमुन्यांचे प्रमाण काढताना तोच छेदाचा नियम. या आठवड्यात ४० पैकी ६ पॉझिटिव्ह म्हणजे १५ टक्के. पुढच्या आठवड्यात ९० पैकी ९ म्हणजे १० टक्के. ‘रुग्ण सहावरून नऊवर’ ही बातमी खोटी नाही, पण प्रत्यक्षात प्रमाण घसरले आहे. नमुने फार थोडे असतील, म्हणजे ५ पैकी २ अशी स्थिती असेल, तर ‘४० टक्के’ हा आकडा लिहूच नये. तीन आठवड्यांचे पॉझिटिव्ह एकत्र मोजावेत, तीन आठवड्यांचे नमुने एकत्र मोजावेत आणि मग भागाकार करावा. तीन टक्केवारींची सरासरी काढणे चूक आहे, आणि ही चूक शिकलेली माणसेही सर्रास करतात.

उपप्रकार कळला तर तो अवश्य नोंदवावा. सध्या माणसांत फिरणारे मुख्य तीन: अ प्रकारातील एच१एन१ (२००९ च्या जागतिक साथीपासून आलेला, लोकांच्या तोंडी ‘स्वाइन फ्लू’), अ प्रकारातीलच एच३एन२ आणि ब प्रकारातील व्हिक्टोरिया. ब प्रकारातील यामागाता ही शाखा मार्च २०२० नंतर खात्रीने आढळलेली नाही. एच३एन२ ज्या हंगामात जोरात असतो त्या हंगामात वृद्धांच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये देशात खोकल्याची जी लांबलेली लाट आली, तिच्यामागे मुख्यतः एच३एन२ होता.

आता दोन्ही बाजू एकत्र आणता येतात. फ्लूसदृश आजाराचे प्रमाण ५ टक्के आणि त्या रुग्णांच्या नमुन्यांत पॉझिटिव्ह १५ टक्के, तर गुणाकार ०.७५ टक्के. ओपीडीत येणाऱ्या दर हजारातील साधारण साडेसात जणांचे दुखणे फ्लूचे आहे, असा याचा अर्थ. हा एकच आकडा दर आठवड्याला आलेखावर मांडावा. नुसती लक्षणे किंवा नुसते स्वॅब यांपेक्षा तो कितीतरी प्रामाणिक असतो. अट एवढीच की दोन्ही संख्या त्याच केंद्रांच्या असाव्यात.

शून्य आणि गप्प

या सबंध टिपणातून वाचकाने एकच गोष्ट उचलायची असेल, तर ती ही: ‘एकही रुग्ण नाही’ असा अहवाल आणि अहवालच न येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शीटवर पहिल्यासाठी शून्य लिहावे आणि दुसऱ्यासाठी चौकट रिकामी ठेवावी. संगणकाला दोन्ही सारखेच वाटतात आणि बेरीज निमूटपणे पुढे जाते. मग ज्या आठवड्यात पूर येऊन रस्ता तुटला, आरोग्यसेविका रजेवर गेली किंवा मोबाइलला रेंजच नव्हती, त्याच आठवड्यात अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके नकाशावर सर्वांत निरोगी दिसतात. नर्मदाकाठच्या ज्या पाड्यांवर बोटीने जावे लागते, तिथली माहिती दहा-बारा दिवस उशिरा येते. ती आली की ज्या आठवड्यातली असेल त्या आठवड्यात घालावी. ज्या आठवड्यात हाती पडली त्यात घालू नये.

म्हणून प्रत्येक आठवड्यापुढे ‘२२ पैकी १८ केंद्रे’ असा रकाना हवाच. हे प्रमाण तीन-चतुर्थांशाखाली गेले, तर त्या आठवड्याबद्दल बोलू नये, असा नियम मी पाळतो. आलेखावर शेवटचे दोन आठवडे तुटक रेघेने काढावेत, कारण उशिरा येणारी माहिती ते बदलणार असते. पहिल्याच दिवशी ‘साथ ओसरली’ असे जाहीर करणाऱ्यांना ही तुटक रेघ पुष्कळदा वाचवते.

उंबरठा कसा आखायचा

अमेरिकेतील फ्लूचा हंगाम ऑक्टोबरपासून मोजला जातो. ती पद्धत उचलून इथे आणली तर आपली साथ दोन वर्षांत चिरली जाते. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा चढ बहुधा पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास येतो आणि लहान चढ जानेवारी ते मार्चमध्ये. एप्रिल-मेच्या उन्हात तो सहसा तळाला असतो. म्हणून नोंदवहीचे वर्ष मेपासून सुरू करावे. अर्थात, अपवाद मोठे असतात: २०१५ मध्ये देशात एच१एन१ने सर्वाधिक थैमान वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांतच घातले होते.

उंबरठा म्हणजे आकडा ज्याच्या वर टिकला की हंगाम सुरू झाला असे मानायचे ती पातळी. तो काढण्यासाठी मागील तीन ते पाच वर्षांतील शांत आठवडे निवडावेत, त्यांच्या गुणाकाराच्या आकड्यांची सरासरी काढावी आणि तीत दोन प्रमाण विचलने (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचे माप) मिळवावीत. सरासरी ०.३० टक्के आणि प्रमाण विचलन ०.१५ आले, तर उंबरठा ०.६० टक्के. सलग तीन आठवडे आकडा त्यावर राहिला तर हंगाम पहिल्या आठवड्यापासून सुरू झाला असे धरावे. वरच्या उदाहरणातील ०.७५ हा आकडा उंबरठा ओलांडतो, पण एकटा असल्याने अजून काही सांगत नाही. २०२० आणि २०२१ ही वर्षे या गणितातून वगळावीत. टाळेबंदी, मास्क आणि कोरोनाची धावपळ यांमुळे त्या वर्षांची रेघ कोणत्याच साध्या वर्षासारखी नाही. ज्यांच्याकडे मागची नोंदच नाही त्यांनी पहिल्या वर्षी फक्त रेघ काढावी, उंबरठा आखू नये.

राज्याच्या चित्रात आपला जिल्हा

देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला. उपकेंद्रातून लक्षणांची, डॉक्टरांकडून संशयित निदानाची आणि प्रयोगशाळेतून खात्रीची माहिती, असे त्याचे तीन प्रवाह आहेत, आणि २०२१ पासून ही माहिती एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर थेट भरली जाते. जिल्ह्यात हे काम जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याकडे असते. पत्रकाराने पहिला फोन तिथे करावा. राज्यनिहाय आकडे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र प्रसिद्ध करते, आणि देशपातळीवरील साप्ताहिक उपप्रकार जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘फ्लूनेट’वर पाहता येतात. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ही या जागतिक जाळ्यातील भारताची मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहे.

राज्याच्या बेरजेत पुणे आणि मुंबई नेहमी वर दिसतात. त्यात खरी साथ किती आणि तपासणीची सोय किती, हे वेगळे करता येत नसेल तर जिल्ह्यांची क्रमवारी लावू नये. प्रत्येक जिल्ह्याची तुलना त्याच्याच मागील वर्षांशी करावी आणि मग कोणते जिल्हे आपापल्या उंबरठ्यावर गेले, एवढेच नकाशात रंगवावे. रंगांच्या चार छटा पुरतात, आणि माहिती नसलेल्या जिल्ह्याला रेघारेघांची पाचवी खूण द्यावी.

सरासरीचा धोका खानदेशात विशेष आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जळगावची लोकसंख्या ४२,२९,९१७, धुळ्याची २०,५०,८६२ आणि नंदुरबारची १६,४८,२९५. समजा, गुणाकाराचा आकडा नंदुरबारात १.२, धुळ्यात ०.६ आणि जळगावात ०.३ टक्के आहे. साधी सरासरी ०.७० येते आणि ०.६० चा उंबरठा ओलांडते. लोकसंख्येचे वजन देऊन काढलेली सरासरी सुमारे ०.५६ येते आणि उंबरठ्याखाली राहते. गणित म्हणून दुसरी बरोबर आहे. परंतु तिच्याकडे पाहून कोणी निश्चिंत झाला, तर नंदुरबारात उंबरठ्याच्या दुप्पट साथ चालू आहे हे त्याच्या नजरेतून सुटेल. म्हणून सरासरीच्या शेजारी तिन्ही जिल्हे वेगळे छापावेत. नाशिक विभागाच्या पातळीवर गेलात तर नाशिक आणि अहिल्यानगर यांच्या आकड्यांत खानदेश आणखी विरघळतो.

सीमेचा प्रश्न याहून किचकट आहे. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. तिथला गंभीर रुग्ण सुरतेला गेला तर त्याची नोंद गुजरातच्या खात्यावर पडू शकते. रावेरचे रुग्ण बऱ्हाणपूरला जातात, शिरपूरकडे सेंधव्याचे रुग्ण येतात आणि जळगावचे नाशिक किंवा मुंबईला जातात. यावर उपाय एकच: लाइन लिस्टमध्ये (एका ओळीत एक रुग्ण अशा यादीत) ‘राहण्याचा तालुका’ आणि ‘उपचाराचे ठिकाण’ असे दोन रकाने ठेवावेत आणि मोजणी पहिल्यावर करावी. तोच रुग्ण आधी ग्रामीण रुग्णालयात आणि मग जिल्हा रुग्णालयात गेला असेल तर तो एकदाच मोजला गेला आहे ना, हेही तपासावे.

लोकसंख्याही जागची हलते. दिवाळीनंतर सातपुड्यातील कुटुंबे ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जातात आणि बरीचशी होळीच्या सुमारास परततात, त्यामुळे ‘दर लाख लोकसंख्येमागे’ हा हिशेब हिवाळ्यात तिथे फसतो. केसपेपरचा छेद तेवढा फसत नाही. सारंगखेड्याची यात्रा, मुक्ताईनगरहून निघणारी पालखी, भोंगऱ्या बाजार यांच्या तारखा शेऱ्यात असाव्यात, पण यात्रेनंतर आकडा वाढला म्हणून यात्रेनेच तो वाढवला असे लिहू नये. निवासी आश्रमशाळेत एका आठवड्यात २५ मुले तापली तर तो समूह वेगळा नोंदवावा. मूळ रेघेत मिसळला तर सबंध तालुका पेटल्यासारखा दिसतो.

मृत्यू आणि कोंबड्या

मृत्यूंचा आकडा सर्वांत उशिरा येतो आणि सर्वांत जास्त गैरसमज पसरवतो. २०१५ मध्ये देशात एच१एन१चे ४२,५९२ रुग्ण आणि २,९९० मृत्यू नोंदले गेले. भागाकार केला तर ७ टक्के येतात. परंतु तपासणी मुख्यतः गंभीर रुग्णांची होत असल्याने छेद फार लहान राहतो. घरीच बरे झालेले लाखो लोक त्यात नसतात. हंगामी फ्लूचा खरा मृत्युदर याच्या कितीतरी पट कमी आहे. म्हणून मृत्यूला नोंदलेल्या रुग्णांनी भागू नये. दाखल झालेल्या सारीच्या रुग्णांपैकी किती जणांना प्राणवायू किंवा अतिदक्षता लागली, हे प्रमाण साथीची तीव्रता अधिक लवकर आणि अधिक खरेपणाने सांगते.

फेब्रुवारी २००६ मध्ये देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो नवापूरच्या कोंबड्यांत, आणि पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातही. त्या वेळी माणसांत त्याची लागण सिद्ध झाली नाही, तरी नवापूरच्या पोल्ट्रीत काम करणाऱ्या फ्लूसदृश रुग्णापुढे व्यवसायाची खूण करावी. नमुना अ प्रकाराचा पॉझिटिव्ह आला, पण एच१ किंवा एच३ यांपैकी कोणत्याही उपप्रकारात बसला नाही, तर तो आकड्यांत घालून गप्प बसू नये. जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याला त्याच दिवशी कळवावे, म्हणजे नमुना पुण्याला जाईल.

साप्ताहिक टिपण बुधवारी लिहावे, म्हणजे रविवारपर्यंतची माहिती यायला दोन दिवस मिळतात. ते अर्ध्या पानाचे असावे: या आठवड्याचा आकडा, तीन आठवड्यांचा कल, किती केंद्रांकडून माहिती आली, कोणता उपप्रकार जास्त दिसला आणि मागील टिपणात काय दुरुस्त केले. आकडा सलग तीन आठवडे उंबरठ्याखाली राहिला की हंगाम बंद करावा, कच्ची शीट जशीच्या तशी जपून ठेवावी आणि तिच्या पहिल्या पानावर त्या वर्षी कोणती केंद्रे होती, कोणती मध्येच सुटली आणि व्याख्येत कोणी काही बदल केला का, हे लिहून ठेवावे. पुढच्या मेमध्ये उंबरठा पुन्हा काढायला बसाल तेव्हा सगळ्यांत आधी हेच पान उघडावे लागते.